क्लच पकडत नाही का सोडत नाही? गाडी खोलायच्या आधी एवढं बघा

सप्टेंबरातल्या रविवारी साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या घाटात कासला फुलं बघायला जाणाऱ्यांची रांग लागते ना, त्या रांगेत थोड्या थोड्या अंतरावर एखादी गाडी बॉनेट उघडून कडेला उभी असतेच, आणि ड्रायव्हर उगाच रेडिएटरकडे बघत असतो. वास मात्र वेगळंच सांगत असतो. तीन वर्षांपूर्वी त्यातली एक गाडी माझी होती. मागे सासूबाई, मांडीवर डब्याची पिशवी, मी ॲक्सिलरेटर दाबतोय, इंजिन बोंबलतंय आणि गाडी काय वर सरकायचं नाव घेईना. सासूबाई शांतपणे म्हणल्या, "जावईबापू, चालत निघालो असतो तर आत्तापर्यंत पोचलो असतो की ओ."

लाज गेली ती गेलीच, पण खरी चिडचिड याची झाली की गाडी दोन महिने आधीपासून सांगत होती. आणि त्याच्याही आधीच्या गाडीचं बरोबर उलटं झालेलं, गिअर पडत नाहीत म्हणून एका गॅरेजमध्ये नेली, त्यांनी सगळा क्लच सेट बदलायला लावला, बदलला, आठ दिवसांत त्रास परत सुरू, आणि शेवटी दुसऱ्या मिस्त्रीकडे निघालं काय तर क्लच वायर आतून तुटत आलेली. म्हणजे एकदा नको असताना बदलला आणि एकदा पाहिजे असताना बदलला नाही. दोन्ही वेळेला खिसा माझाच.

तर मला जे उशिरा कळलं ते हे, की "क्लच गेला" हा एक आजार नाहीच. दोन आजार आहेत. एकात क्लच पकडत नाही, दुसऱ्यात क्लच सोडत नाही. पकडत नसेल तर बहुतेक वेळा प्लेट संपलेली असते आणि गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. सोडत नसेल तर बऱ्याच वेळा भानगड बाहेरच असते, वायर, ब्रेक ऑईल, पेडल, आणि ती अर्ध्या तासात निघू शकते. हा फरक तुम्हाला कळला की गॅरेजमध्ये जाऊन तुम्ही नुसते मान डोलवत बसणार नाही.

आतलं थोडं सांगतो, लांबवत नाही. इंजिनाच्या मागच्या अंगाला फ्लायव्हील म्हणून एक जड लोखंडी चाक असतं, त्याला लागून क्लच प्लेट आणि तिच्यावरून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. दोन ताटांच्या मधे भाकरी दाबून धरावी तशी ती क्लच प्लेट मधे बसलेली असते. पाय पेडलवर नसतो तेव्हा ती घट्ट दाबलेली असते, सगळं एकत्र फिरतं, इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये जाते. पाय दाबला की वायर नाहीतर ऑईलच्या जोरावर एक फोर्क हलतो, रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांवर दाब देतं, पकड सुटते आणि मगच गिअर बदलता येतो. प्लेटला दोन्ही बाजूंनी ब्रेक लायनरसारखं मटेरियल असतं, तेच झिजतं. हाफ क्लचमध्ये, म्हणजे पेडल अर्धवट दाबलेलं असताना, तुम्ही जितका वेळ राहाल तितका वेळ ते मटेरियल घासत असतं. बास, एवढं कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

आता पकडत नाही हा आजार. याची सगळ्यात खरी खूण एकच आहे, बाकीच्या सगळ्या तिच्या चुलत्या-मावश्या. चढावर किंवा ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज चढला, आरपीएमचा काटा वर गेला आणि स्पीड मात्र तिथंच राहिला, किंवा मागनं सावकाश आला, तर प्लेट घसरतीय. मिस्त्री लोक याला क्लच स्लिप मारतोय म्हणतात. पुष्कळ जण याला "पिकअप गेला" म्हणून टाकतात आणि मग प्लग बदल, एअर फिल्टर बदल, इंजेक्टर क्लीन कर असं करत बसतात. मीही दोन महिने तेच केलं. फरक साधा आहे ओ, इंजिन दमलं असेल तर काटाही वर जात नाही आणि गाडीही पळत नाही. क्लच दमला असेल तर काटा पळतो, गाडी पळत नाही. तुमच्या गाडीला आरपीएम मीटर नसेल (बऱ्याच जुन्या बेसिक मॉडेलला नसतो) तर कानाने ऐका, काच खाली करा, एसी बंद करा.

घरच्या घरी बघायचं असेल तर रस्त्यावरची टेस्ट सगळ्यात भरवशाची. रविवारी सकाळी एमआयडीसीतला एखादा मोकळा सरळ रस्ता बघा, मागंपुढं कोणी नाही याची खात्री करा, गाडी चौथ्या गिअरला ४०-४५ च्या स्पीडला न्या आणि मग ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. चौथा गिअर यासाठी की वरच्या गिअरला इंजिनावर जास्त लोड येतो, क्लचला जास्त जोर लावून पकडावं लागतं, खालच्या गिअरला लपलेली घसरण इथं उघडी पडते. गाडी कुरकुरत, जड जड वाटत हळूहळू स्पीड घेत असेल तर उत्तम, म्हणजे पकड आहे. काटा टुणकन हजार-पंधराशेने वर उडाला आणि गाडी जागेवरच असल्यासारखी वाटली तर झालं, खर्चाला लागा. हीच टेस्ट चढावर केली तर अजून लवकर कळतं, पुण्याहून येताना खंबाटकी चढताना तर वेगळी टेस्ट करायची गरजच पडत नाही, गाडीत चार माणसं आणि सामान असलं की क्लच स्वतःच बोलतो.

दुसरी टेस्ट उभ्या गाडीची, जी बहुतेक गॅरेजवाले करतात. सपाट जागा, समोर भिंत नको, लहान पोरं तर आसपास अजिबात नकोत. हँडब्रेक ओढा, उजवा पाय ब्रेकवर घट्ट, गाडी चालू, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. चांगला क्लच असेल तर इंजिन धडधडून लगेच बंद पडतं. पूर्ण सोडला तरी इंजिन मजेत चालूच असेल तर प्लेट पार संपली. पण यात एक गोम आहे, नुकती घसरायला लागलेली प्लेट या टेस्टमध्ये पास होते, कारण इंजिन आयडलवर असताना जोर तो किती. म्हणून इंजिन बंद पडलं म्हणजे क्लच चांगला असं समजू नका, त्यासाठी रस्त्यावरचीच बघा. आणि ही टेस्ट एकदाच करायची, शेजाऱ्याला दाखवायला परत, मग त्याच्या भावाला दाखवायला परत असं केलं तर जी प्लेट अजून चार महिने चालली असती ती तिथंच जाळून ठेवाल.

पेडलची उंची बघायला पण शिका. गाडी सुरू, पहिला गिअर, पाय हळूहळू वर घेताना ज्या ठिकाणी गाडी हलायला लागते ती जागा लक्षात ठेवा. वायरच्या क्लचमध्ये प्लेट झिजत जाते तशी ही जागा वर वर येते, अगदी पाय सुटायच्या बेताला गाडी उचलायला लागली की समजायचं शेवट जवळ आलाय. माझी तशीच झालेली, रोज चालवत असल्याने मला कळलंच नाही, मेव्हण्याने एकदा चालवायला घेतली आणि पहिलाच प्रश्न, "दाजी, याचा क्लच एवढा वर कसा काय?" म्हणून अधूनमधून दुसऱ्याला गाडी चालवायला द्या, निदान या कामासाठी तरी. हायड्रॉलिक क्लचमध्ये, म्हणजे वायरऐवजी ऑईलवर चालणाऱ्या, मात्र ही खूण तेवढी भरवशाची नाही, तिथं ऑईल ती झीज भरून काढतं, उलट पेडल जड होत जातं.

पण थांबा, क्लच वर आला म्हणजे लगेच प्लेट असंही नाही. वायरवाल्या गाडीत पेडल हाताने दाबून बघा, अगदी सुरुवातीला बोटाच्या जाडीएवढी ढिली जागा लागली पाहिजे, तिला फ्री प्ले म्हणतात. ती जागाच नसेल तर वायर जास्त ताणून ठेवलेली असू शकते, म्हणजे तुम्ही पाय काढला तरी क्लच थोडा दाबलेलाच राहतो, त्यामुळेही घसरतो आणि रिलीज बेअरिंगही विनाकारण फिरत राहतं. आधी ती ॲडजस्ट करून घ्या, नट फिरवायचं काम आहे, मग परत रस्त्यावर टेस्ट करा. ॲडजस्ट करूनही घसरतोय, किंवा नट ढिला करायला जागाच उरली नाही, तर प्लेट.

वासाचं सांगतो. क्लचचा वास जळक्या कागदासारखा, थोडा जळक्या ब्रेक लायनरसारखा, एकदा नाकात बसला की विसरत नाही. एखाद्या वेळी चढावर रिव्हर्स घेताना किंवा घाटाच्या ट्रॅफिकमध्ये वास आला म्हणून घाबरू नका, गाडी बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या, नंतर नीट पकडत असेल तर चालू द्या. साध्या सपाट रस्त्यावर, साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत जाऊन आलं तरी वास येतोय असं असेल तर मात्र दाखवा. आणि हो, ब्रेक जाम झाला तरी जवळजवळ असाच वास येतो, म्हणून उतरून चारी चाकांजवळ तळहात न्या, हात लावायचा नाही, नुसता जवळ न्यायचा. एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर क्लच निर्दोष आहे.

आता दुसरा आजार, सोडत नाही. याच्या खुणा वेगळ्या. गिअर पडायला जड जातो, पहिला आणि रिव्हर्स तर नकोच म्हणतात, रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज येतो, इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात पण चालू केलं की अडकतात. ही शेवटची खूण फार कामाची, कारण गिअरबॉक्सच बिघडला असता तर बंद गाडीतही गिअर अडकले असते. खात्री करायची तर सपाटावर गाडी चालू करा, क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद तसंच थांबा, मग रिव्हर्स टाका. बहुतेक गाड्यांच्या रिव्हर्सला सिंक्रो (गिअरचे वेग जुळवून देणारी कडी) नसतो, त्यामुळे क्लच पूर्ण सुटला नसेल तर तो लगेच ओरडतो. पहिल्या गिअरला क्लच तळापर्यंत दाबूनसुद्धा गाडी पुढं सरकायला बघत असेल तर तेच.

अशा वेळी गाडी खोलायला सांगणाऱ्याला आधी दोन मिनिटं थांबवा. पहिलं तर पायाखालचं मॅट बघा, हसू नका, दुहेरी मॅट टाकलेल्या गाड्यांत पेडल पूर्ण खाली जातच नाही. मग बॉनेट उघडून गिअरबॉक्सकडे जाणारी वायर आहे की ऑईलचा पाईप आहे ते बघा. वायर असेल तर पेडल दाबताना खरखरीत, अडकत अडकत जातंय का, वायरच्या टोकाला एखादी तार सुटून बाहेर आलीय का, ते बघायचं. हायड्रॉलिक असेल तर ऑईलची पातळी, बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते. पेडल मऊ पडलं, दोन-तीनदा पंप मारल्यावर गिअर पडायला लागले, तर लाईनमध्ये हवा आहे किंवा कुठंतरी गळतंय. पेडलच्या वरच्या बाजूला हात घालून ओलं लागतंय का बघा, गाडीखाली गिअरबॉक्सजवळ थेंब आहेत का बघा. मास्टर सिलिंडर (पेडलजवळ ऑईल ढकलणारा) नाहीतर खालचा स्लेव्ह सिलिंडर (त्या ऑईलच्या जोरावर क्लच सोडवणारा) गेला असेल तर तेवढंच बदलून भागतं, फक्त काही गाड्यांत तो स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आतच बसवलेला असतो, तिथं मात्र उतरवण्याला पर्याय नाही. एकदा उतरवलाच तर मग प्लेटचं वय बघून निर्णय घ्या.

आपल्याकडच्या पावसात अजून एक प्रकार होतो. गाडी महिना-दीड महिना उभी राहिली, दमट जागेत, की प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटून बसते आणि गाडी चालू असताना क्लच दाबला तरी एकही गिअर पडत नाही. २०१९ च्या पुरात सांगलीत ज्यांच्या गाड्या पाण्यात राहिल्या त्यांना हे वेगळं सांगायला नको. यात प्लेट झिजलेली नसते, चिकटलेली असते, मिस्त्रीला तसं सांगा म्हणजे तो त्या अंगाने बघेल. जोर लावून गिअर कोंबू नका.

आवाजाचं गणित दोन ओळीत. न्यूट्रलला गाडी चालू ठेवा. क्लच दाबला की घुंईं किंवा चिर्र सुरू होतं आणि सोडला की बंद होतं, तर रिलीज बेअरिंग. उलट असेल, म्हणजे पाय वर असताना आवाज आणि दाबला की गायब, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, त्याचा क्लच प्लेटशी संबंध नाही. तरीही रिलीज बेअरिंग नुसतं वाजतंय म्हणून फार दिवस काढू नका, ते पार जाम झालं तर प्रेशर प्लेटच्या पाकळ्या खाऊन टाकतं.

गाडी उचलताना धडधडते, सगळं अंग थरथरतं, विशेषतः पहिल्या गिअरला आणि रिव्हर्सला, तर प्लेटवर ऑईल आलं असेल किंवा फ्लायव्हील तापून त्यावर डाग पडले असतील. इंजिनाचं माउंटिंग तुटलं तरी अगदी असंच होतं आणि ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही, म्हणून आधी माउंटिंग.

एएमटीवाल्यांनो, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीवाल्यांनो, तुम्हाला क्लचचं पेडल नाही म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. २०१४ ला सेलेरिओपासून आपल्याकडे स्वस्त ऑटोमॅटिक आल्या, पण आत तीच सुकी क्लच प्लेट आहे, फक्त तुमच्या पायाऐवजी मशीन दाबतं. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर तो अखंड हाफ क्लच आहे. घाटात ट्रॅफिकमध्ये ब्रेकच दाबून थांबा.

समजा निघालं की प्लेटच गेलीय, तर आता गॅरेजमध्ये काय बोलायचं. मुख्य मेहनत गिअरबॉक्स उतरवायची आणि चढवायची असते, म्हणून एकटी प्लेट टाकून थोडे पैसे वाचवू नका, प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच टाका. आधीच सांगून ठेवा की जुने पार्ट मला दाखवायचे. जुन्या प्लेटवर मटेरियल रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत घासलं असेल तर तुमचं निदान बरोबर, रिव्हेटच लागायला लागले असतील तर फ्लायव्हीलवर चरे पडलेले असणार, मग लेथवर फेस मारून (म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करून) घ्यावा लागेल का ते विचारा. काही डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचं, आत स्प्रिंग असलेलं) असतं, तिथं हे लेथचं काम चालत नाही, आणि ते नवीन घ्यायचं म्हणजे क्लच सेटपेक्षाही महाग पडू शकतं, त्यामुळे डिझेलवाल्यांनी गाडी खोलायच्या आधीच हा प्रश्न विचारावा. प्लेट ओली, तेलकट दिसली तर इंजिनाचं मागचं ऑईल सील किंवा गिअरबॉक्सचं सील गळतंय, ते न बदलता नवीन प्लेट टाकणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणं. ड्राईव्ह शाफ्ट काढताना गिअर ऑईल निघतं, ते परत नवीन भरलंय ना ते बघा. माझ्या छोट्या गाडीला हे सगळं एका दिवसात झालं, सकाळी दिली संध्याकाळी आणली.

एक क्लच किती किलोमीटर चालतो असं विचारतात, याचं सरळ उत्तर नसतं. हायवेवर पुणे-सातारा करणाऱ्याचा लाखाच्या पुढं जातो, आणि रोज पेडलवर पाय ठेवून चालवणाऱ्याचा चाळीस हजारात जातो. हंगामात कोरेगाव-रहिमतपूर रोडला उसाच्या ट्रॉलीमागं अडकलात तर दुसऱ्या गिअरला हाफ क्लचवर रांगण्यापेक्षा पहिल्याला या आणि पाय पूर्ण काढा. घाटातल्या रांगेत पुढची गाडी दोन फूट सरकली की आपणही दोन फूट सरकायची काही गरज नाही, चांगली दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या, तोवर हँडब्रेक, मागचा हॉर्न मारतोय तर मारू दे, त्याचा क्लच त्याच्याकडे.

घसरण वाटेतच सुरू झाली आणि घरी पोचायचं असेल तर ॲक्सिलरेटर अगदी हलका, सपाट रस्ता, गाडीत कमी माणसं. चढ टाळा, लांबचा पडला तरी. यवतेश्वरला मी तसं न करता अजून जोरात दाबला, आणि उरलीसुरली प्लेट तिथंच खलास झाली, मग टोचन लावून खाली आलो.

जुनी गाडी घेणार असाल तर मालकाला सोबत घेऊन अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला न्या, टेस्टला तेवढा चढ पुष्कळ. नको म्हणाला तर कारण विचारा.

आणि नवीन क्लच बसवल्यावर घाबरू नका एका गोष्टीने. पेडल एकदम हलकं लागतं आणि गाडी अगदी खालीच उचलायला लागते, आपला पाय मात्र जुन्या उंचीला सवयीचा झालेला असतो. गॅरेजमधून निघालो आणि पोवई नाक्यावर माझी दोनदा बंद पडली, मागं एसटी, तिचा ड्रायव्हर खिडकीतनं डोकं काढून, "लर्निंग हाय काय मामा?" पहिले चार-पाचशे किलोमीटर जरा सांभाळून, चढावर खेचाखेची नको, प्लेट बसू द्या. दोन दिवसांत पाय पण बसतो.